काटा आधी शून्यावर आणा: दुकानदाराचं ध्यान



धंद्यातल्या ताणावरचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "मॅडम, ध्यान चांगलं असतं हे पटतं, पण वेळ कुठाय?" सकाळी साडेआठला शटर वर, रात्री साडेनऊला खाली, मधे जेवण उभ्या उभ्या, आणि रविवारी माल भरायला जायचं. यात "रोज पहाटे पाच वाजता उठून एक तास बसा" असं कुणी सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवसापासून विसरून जातो. मी स्वतः स्टेशनरीचं दुकान चालवते. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा काउंटरवर काय हाल असतात ते मला कुणी सांगायला नको. म्हणून आज जे सांगणार आहे ते काउंटरवर उभं राहून करायचं आहे.

सुरुवात काट्यापासून करू. ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे त्यांनी नीट बघितलं असेल, त्याच्या एका बाजूला पाण्याचा छोटा बुडबुडा असतो. काटा सपाट बसलाय की नाही ते तो दाखवतो. आपण रिकामा डबा ठेवला की आधी 'टेअर'चं बटण दाबतो, आकडा शून्य होतो, मग माल टाकतो. आधीच्या गिऱ्हाइकाची पिशवी काट्यावर तशीच राहिली आणि पुढच्याची डाळ वर ठेवली तर आकडा चुकणारच. इतकं साधं आहे हे.

आता स्वतःकडे बघा. दहा वाजता सप्लायरशी फोनवर वाजलं. माल अर्धाच आला, बिल पूर्ण लावलंय. फोन ठेवला आणि समोर एक आजी उभ्या, पाच रुपयांचं पेन तीन वेळा बदलून मागतायत. आपण आजींवर खेकसतो. आजींचं वजन आपण सप्लायरच्या रागासकट करून टाकलं. आधीची पिशवी काट्यावरच होती. माझ्या मते दुकानदारासाठी योगातली जागरूकता म्हणजे नेमकी ही: आपला काटा शून्यावर आहे का, हे दिवसातून चार-पाचदा बघायची सवय.

योग म्हटलं की आपल्याला आसनं दिसतात. २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिवस होतो, त्याचे फोटोही आसनांचेच असतात. पण पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. आठ अंगं सांगितली आहेत, त्यात आसन तिसरं. त्याच्याही आधी यम आणि नियम येतात, म्हणजे आपण लोकांशी आणि स्वतःशी कसं वागतो ते. यमांमध्ये अहिंसा, सत्य आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर अस्तेय आणि अपरिग्रह आहेत. अस्तेय म्हणजे चोरी न करणं, अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त गोळा करून न ठेवणं. हे दोन शब्द मला तर थेट दुकानासाठीच लिहिल्यासारखे वाटतात. मिठाईच्या भावात खोक्याचं वजन धरणं हे अस्तेयाच्या विरुद्ध आहे, आणि वैधमापन कायद्याच्याही. जो माणूस दिवसभर खोक्यासकट पेढे तोलतो आणि रात्री डोळे मिटून बसतो, त्याला शांत का वाटत नाही याचं उत्तर कुठल्याही ॲपमध्ये मिळणार नाही. अपरिग्रहाकडे नंतर येते, कारण तिथे पैशाचा हिशोब आहे आणि तो मला सविस्तर मांडायचाय.

"हे सगळं साधूंचं काम, संसारी धंदेवाल्याचं नाही" असं वाटत असेल तर दोन माणसांबद्दल सांगते. दोघंही हिशोबवालेच.

बर्मा, म्हणजे आजचं म्यानमार, १९४८ साली स्वतंत्र झालं. तेव्हा तिथले अकाउंटंट जनरल होते ऊ बा खिन. सगळ्या देशाचे हिशोब यांच्या टेबलावर. हा माणूस विपश्यना शिकवायचा, आणि आपल्या ऑफिसातल्या लोकांनाही शिकवायचा. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनमध्ये ध्यानाचं केंद्र काढलं, नोकरी मात्र सोडली नाही. एका वेळी एकापेक्षा जास्त सरकारी खात्यांचा कारभार त्यांनी पाहिला. १९५५ मध्ये त्यांच्याकडे एक मारवाडी व्यापारी आला, सत्यनारायण गोएंका. जन्म मंडालेचा, धंदा जोरात, आणि डोकं फुटेल असा मायग्रेन. परदेशात डॉक्टर करून झाले होते. गोएंका फक्त डोकेदुखी जावी म्हणून आले होते, तेव्हा ऊ बा खिन यांनी आधी नकार दिला. आपल्याकडे हे डोकेदुखीसाठी शिकवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे गोएंका शिकले. १९६० च्या दशकात बर्मातल्या लष्करी सरकारने उद्योग ताब्यात घेतले, त्यात त्यांचेही गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ पासून आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं.

ही गोष्ट मी बॅचमध्ये मुद्दाम सांगते. शिकवणारा अकाउंटंट, शिकणारा व्यापारी, आणि दोघांनीही ध्यानाला धंदा वाढवायचं औषध मानलं नाही.

आपल्याकडे याहून जुनी उदाहरणं आहेतच. अरणचे सावता माळी मळा करत राहिले, नरहरी सोनारांनी दागिने घडवले, सेना न्हाव्यांनी वस्तरा चालवला, तुकोबांच्या घरी तर दुकानदारी आणि सावकारीच होती. धंदा सोडून मग भक्ती, असा क्रम त्यांनी लावला नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. गोरोबाकाकांची चिखल तुडवताना देहभान हरपल्याची कथा भक्तीची आहे. काउंटरवर आपल्याला भान हरपून चालत नाही, उलट भान हवंय. डोळे उघडे, कान उघडे, गल्ल्याची किल्ली खिशात, आणि तरीही आत काय चाललंय ते माहीत असलेलं.

श्वास का, आणि कसा

आता कृती. सर्वात सोपं साधन श्वास, कारण तो दुकानात येताना वेगळा आणावा लागत नाही. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना थोडे कमी होतात. तुम्ही मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घेतलात तर फरक बोटालाही जाणवू शकतो. म्हणून श्वास सोडणं लांबवलं की शरीराला "घाई नाही" असा निरोप जातो. यात गूढ काही नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद १९२४ सालापासून हेच करत होते, योगाच्या क्रिया यंत्राने मोजून बघायच्या आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापायच्या. मोजून घेतलेल्या गोष्टीवर दुकानदाराचा विश्वास लवकर बसतो, म्हणून सांगितलं.

करायचं काय? चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा. असं तीनदा. अर्धं मिनिट लागतं. डोळे मिटायचे नाहीत, कुणाला कळायचंही नाही. पाय जमिनीवर कसे टेकलेत ते जाणवू द्या. चप्पल, फरशी, टाचेवरचा भार. बस्स. मधे विचार आला तर येऊ दे, पुन्हा आकड्यावर या.

श्वास रोखून धरणं, जोरजोरात कपालभाती, हे व्हिडिओ बघून सुरू करू नका. बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर अजिबातच नाही. शिकायचं असेल तर समोर बसलेल्या शिक्षकाकडून शिका.

हे कधी करायचं, हा खरा प्रश्न. "आठवण झाली की करेन" म्हणाल तर आठवण होणार नाही. म्हणून आधीच घडणाऱ्या गोष्टीला बांधून टाका. शटर वर करताना एकदा: गुडघे वाकवून, श्वास सोडत उचला, कमरेलाही बरं. देवासमोर अगरबत्ती लावताना एकदा. ती तर आपण सगळेच लावतो, पण एका हाताने काडी आणि दुसऱ्या हाताने मोबाईल. बोहनीची नोट कपाळाला लावतो, तेवढ्या वेळात एकदा. आणि कुठलाही तापलेला फोन ठेवल्यावर, पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायच्या आधी, नक्की एकदा. शेवटचं सर्वात कामाचं आहे. तो टेअरचा बटण आहे.

उधारी मागणारा समोर उभा असतो तेव्हा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण नवीन दुकानं बंद पडताना मी पाहिलीत, त्यातली बरीचशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बंद पडली नाहीत. गिऱ्हाईक भरपूर होतं. पैसे वहीत होते.

प्रसंग आठवा. दुकानात चार माणसं आहेत. ओळखीतला एक जण सामान घेतो आणि सहज म्हणतो, "ताई, लिहून ठेवा." मागचे बाराशे अजून आलेले नाहीत. तुमच्या तोंडून "हो हो, चालेल" निघून जातं. तो गेल्यावर पोटात कसंतरी होतं. या "हो" आणि पोटातल्या कसंतरी होण्यामध्ये जेमतेम दोन सेकंद आहेत, आणि सगळी जागरूकता त्या दोन सेकंदांत लागते. "हो" म्हणायच्या आधी शरीर बोललेलं असतं. कान गरम होतात, छाती आवळते, हसू ओढूनताणून येतं. ते ओळखू आलं की कळतं, हे "हो" दयेतून येत नाहीये, चार माणसांसमोर वाईट दिसू नये म्हणून येतंय. आपल्याकडे म्हणतातच, भीड ही भिकेची बहीण.

आमच्या एका बॅचमध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी स्वतःहून एक युक्ती काढली. उधारीच्या प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिहायचं. मनापासून दिली असेल तर 'म', भिडेखातर दिली असेल तर 'भी'. बाकी काही बदल नाही, उधारी बंद वगैरे काही केलं नाही. दोन महिन्यांनी वही घेऊन आल्या. 'म' लिहिलेल्या नोंदी बहुतेक फिटल्या होत्या. ज्या बाईचा नवरा दवाखान्यात होता तिला दिलेले, शेजारच्या शिंपीकाकांना दिलेले. अडकलेल्या रकमा जवळपास सगळ्या 'भी'च्या. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे अक्षर लिहिताना मला आधीच माहीत असायचं, मग मी देते कशाला?" मी काय उत्तर देणार? प्रश्न त्यांना पडला हेच मोठं काम झालं होतं. तिसऱ्या महिन्यापासून 'भी' आपोआप कमी झाले, कारण हाताने अक्षर लिहायचंय हे माहीत असलं की तोंड आधी थांबतं.

त्या दोन सेकंदांत करायचं एवढंच: एक हात वहीवर ठेवा, एक श्वास पूर्ण सोडा, मग बोला. वाक्य आधी तयार ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. मी सुचवते ते वाक्य असं: "दादा, मागचे बाराशे आले की लगेच हे लिहिते." आवाज न चढवता आणि ओशाळं न होता. श्वास सोडून बोललात तर आवाज आपोआप खालच्या पट्टीत येतो. आणि मनापासून द्यावंसं वाटलं तर द्या की! उधारी वाईट नाही. आपल्याकडची अर्धी दुकानं विश्वासावरच उभी आहेत. फक्त दिली तर बघून द्या.

स्कीम आणि अपरिग्रह

आता तो राहिलेला हिशोब. कंपनीचा सेल्समन येतो. "मॅडम, दहा पेट्यांवर एक फ्री. आज शेवटचा दिवस." हे ऐकताना आत काय होतं ते एकदा बघा. श्वास भरभर चालतो, डोक्यात आकडे पळायला लागतात, आणि "शेजारच्याने घेतलं तर?" ही भीतीही येते. हाव आणि भीती एकाच पिशवीत.

पेटी १,२०० रुपयांची धरू. तुमची महिन्याला एक पेटी खपते. दहा घेतल्या तर १२,००० गेले, अकरा पेट्या आल्या, १,२०० चा फायदा. आता हे पैसे तुम्ही शेकडा दोन रुपये महिना व्याजाने उचललेत असं समजा, कारण खूप जण असेच उचलतात. एक पेटी विकली की तिची खरेदीची रक्कम परत भरली, असं अकरा महिने केलं, तर एकूण व्याज बसतं १,४४०. त्याऐवजी दरमहा एकेक पेटी घेतली असती तर अकरा महिन्यांचं व्याज झालं असतं २६४. म्हणजे स्कीममुळे १,१७६ रुपये व्याज जास्त गेलं. १,२०० च्या फायद्यातून हातात राहिले २४ रुपये. त्यात अकरा महिने अडवलेली जागा, उंदीर, एक्स्पायरी, फाटलेली पेटी हे धरलंच नाही.

हा हिशोब अवघड नाही, आठवीतला आहे. पण श्वास भरभर चालू असताना तो होत नाही. म्हणून एकच शिस्त पाळा: कुठल्याही स्कीमची ऑर्डर समोरासमोर द्यायची नाही. "संध्याकाळी फोन करते" म्हणायचं. सेल्समन नाराज होईल, त्याचंही टार्गेट असतं बिचाऱ्याचं, त्याला चहा द्या. संध्याकाळी बसून कागदावर मांडा. कधी कधी स्कीम खरंच फायद्याची निघते, महिन्याला पाच पेट्या खपत असतील तर डोळे झाकून घ्या. म्हणजे, डोळे उघडे ठेवून.

रात्री गल्ला मोजणं हे तर तयार ध्यान आहे, आपण ते फुकट घालवतो. मोबाईल आत, टीव्ही बंद, फक्त नोटा. पाचशेच्या वेगळ्या, शंभरच्या वेगळ्या, बोटाखाली नोटेचा स्पर्श. मन "उद्या लाइटबिल भरायचंय" म्हणून पळालं की मोजणी चुकतेच, लगेच कळतं. इतका प्रामाणिक गुरू दुसरा नाही. चुकली की न चिडता पहिल्यापासून. नंतर यूपीआयचं स्टेटमेंट जुळवा, दिवसाची बेरीज लिहा. नियमांमध्ये स्वाध्याय म्हणून एक आहे, त्याचा मूळ अर्थ शास्त्रांचं अध्ययन, पण स्वतःकडे बघणं असाही तो घेतात. दुकानदाराचा स्वाध्याय त्याच्या रोजमेळात असतो असं मला वाटतं.

बसून ध्यान करायचंच नाही का? करा. जमलं तर रोज दहा मिनिटं, खुर्चीवर पाठ ताठ ठेवून. एक ते दहा श्वास मोजा, पुन्हा एकपासून. चारवर विसरलात तर एकवर या, हे परत येणंच व्यायाम आहे. वेळ दुपारची बरी. ज्यांच्या गावात दुपारी दुकानं बंद असतात त्यांना तर सोनं आहे. (पुणेकरांनी एक ते चार बंदला आता निदान हे कारण सांगावं.) विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करायचं मनात असेल तर सीझन सोडून जा आणि दुकान कोण बघणार ते आधी ठरवा. तिथे फी नसते, पण मौन पाळायचं आणि फोन जमा. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर अर्ज करताना ते लपवू नका आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आमच्या क्षेत्रात "ध्यान करा, धंदा दुप्पट होईल" असं विकणारे भरपूर झालेत. ध्यानाने गिऱ्हाईक येत नाही. जीएसटीची तारीख पुढे जात नाही. बँकेची नोटीस आली असेल तर मांडी घालून बसू नका, कागद घेऊन बँकेत जा. आणि कर्जामुळे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते श्वासावर ढकलायचं काम नाही. घरात सांगा, डॉक्टरकडे जा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

शेवटचं, दुकानात कामाला असलेल्या मुलामुलींबद्दल. हे सगळं चार दिवस केलं की उत्साहाने त्यांनाही शिकवावंसं वाटतं. "चल, डोळे मीट, श्वास बघ." नका करू. मालकाने सांगितलेलं ध्यान म्हणजे त्यांना आणखी एक काम. त्यापेक्षा त्यांची जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी ठरवून टाका आणि तेवढ्या वेळात "अरे, जरा तो वरचा डबा काढ" म्हणून हाक मारू नका. डबा आपण काढायचा. स्टुलावर चढताना एक श्वास सोडून.

उधारीच्या वहीचा 'म' आणि 'भी' रकान्यासकटचा नमुना व्हिडिओच्या खाली दिलाय, प्रिंट काढून घ्या.